सोडण्यापूर्वी ओळखा : तापी-गिरणेच्या पाण्यात फ्लाय-फिशिंग सुरू करणाऱ्यांसाठी

गिरणेच्या पात्रात मी पहिल्यांदा फ्लाय (गळावर पिसे-लोकर बांधून केलेले, किड्यासारखे दिसणारे आमिष) टाकली, त्या सकाळी मला सात मासे लागले आणि ते सातही मी हात ओले करून, फोटोपुरतेच पाण्याबाहेर धरून, अलगद परत सोडले. काठावर पागजाळे वाळत घालणारे एक भोई आबा हे सारे बराच वेळ पाहत होते. शेवटी त्यांना राहवले नाही. "भाऊ, हाई ते चिलापी शे. हाई परत पानीम्हा कसाले टाकस?" असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. चिलापी म्हणजे तिलापिया, बाहेरून आलेला मासा. मासा पकडून सोडणे म्हणजे नदीवर उपकार करणे, एवढेच मी शिकलो होतो. कोणता मासा सोडायचा आणि कोणता सोडायचा नाही, हा प्रश्नच मला पडला नव्हता. पुढे तो प्रश्न नीट समजून घेण्यात दोन हंगाम गेले. तुमचे ते दोन हंगाम वाचावेत म्हणून हा लेख लिहीत आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील पाणी नजरेसमोर ठेवून तो लिहिला आहे.

१. पाणी कोणाचे आहे, ते आधी विचारा

आपल्याकडे नदी सर्वांची असते, पण तिच्यातील मासे बहुधा कोणाच्या तरी हक्काचे असतात. धरणे, लघुपाटबंधारे तलाव आणि बंधाऱ्यांचे जलाशय मासेमारीसाठी स्थानिक मच्छिमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तिथे संस्थेने पैसे मोजून मत्स्यबीज सोडलेले असते, त्यामुळे परवानगीशिवाय गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातील केळीचा घड कापण्यासारखे आहे. म्हणून सुरुवात संस्थेच्या अध्यक्षांपासून किंवा सचिवांपासून करावी. धरणाच्या भिंतीजवळ, दरवाज्यांच्या खाली किंवा कालव्याच्या तोंडाशी उभे राहायचे असेल तर जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयाची परवानगी लागते, आणि ती बहुतेक वेळा मिळत नाही. न मिळणेच योग्य आहे.

यावल अभयारण्य, अनेर धरण अभयारण्य आणि चाळीसगावच्या बाजूचे गौताळा औट्रमघाट अभयारण्य यांच्या हद्दीत गळ टाकायचाच नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ तिथे लागू आहे आणि "मी मासा सोडून देणार होतो" हा बचाव चालत नाही. हद्दीचा फलक नेहमी दिसतोच असे नाही, त्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याच्या कोणत्याही ओढ्यावर जाण्यापूर्वी जवळच्या वन परिक्षेत्र कार्यालयात नकाशा पाहून घ्यावा.

धडगाव, अक्कलकुवा यांसारख्या पेसा क्षेत्रांतील (आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालील) गावांत लहान जलसाठ्यांच्या व्यवस्थापनात ग्रामसभेचा अधिकार असतो, आणि वनहक्क कायदा, २००६ नुसार मिळालेल्या सामूहिक हक्कांत पाण्यातील माशांचाही समावेश होतो. तिथे सरपंचांना किंवा ग्रामसभेच्या प्रमुखांना भेटल्याशिवाय पाण्यात पाय ठेवू नये. पावरा आणि भिल्ल गावांतील जाणत्यांना त्यांच्या ओढ्यातील प्रत्येक डोह ठाऊक असतो. परवानगीसाठी घालवलेला तो तासभर माझ्या मते सगळ्या सहलीतील सर्वांत उपयोगी तास ठरतो.

चांगदेवचा तापी-पूर्णा संगम आणि प्रकाशाचा तापी-गोमाई संगम ही श्रद्धेची ठिकाणे आहेत. तिथल्या घाटांवर गळकाठी घेऊन उभे राहू नये, यासाठी कायदा पाहण्याचीही गरज नाही.

२. जवळ ठेवायचे कागद

कागद थोडेच लागतात, पण ते नसले की खेप वाया जाते. मी एकदा एका कार्यालयात एकाच अर्जासाठी तीन वेळा गेलो, कारण प्रत्येक वेळी वेगळ्या टेबलावर वेगळी त्रुटी निघाली. तेव्हापासून मी पुढील कागद एका प्लास्टिकच्या पाकिटात कायम तयार ठेवतो.

– आधार कार्डाची किंवा अन्य ओळखपत्राची छायाप्रत, दोन प्रतींत
– पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
– साध्या कागदावरील अर्ज : जलाशयाचे किंवा नदीच्या भागाचे नाव, गाव, तालुका, तारखा, गळाने मासेमारी करणार असल्याचा उल्लेख आणि देशी मासे जिवंत सोडण्याची हमी
– संस्थेचे परवानगीपत्र किंवा भरलेल्या शुल्काची पावती
– पेसा क्षेत्र असल्यास ग्रामसभेची लेखी संमती

अर्जात "फ्लाय-फिशिंग" एवढाच शब्द लिहिल्यास समोरच्याला काही बोध होत नाही. "काठी, दोर आणि एकच गळ वापरून, जाळे न लावता" असे स्पष्ट लिहावे. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जलाशय कोणत्या संस्थेकडे आहे हे कळते. अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नये.

३. मासे ओळखायला शिका

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. काठी विकत घेण्यापूर्वी किमान चार आठवडे मासळी बाजारात जा. भुसावळ, जळगाव, शिरपूर, शहादा, कुठलाही बाजार चालेल. विकणाऱ्या ताईंना सकाळची गर्दी ओसरल्यावर विचारा. त्या मासा उलटासुलटा करून दाखवतात आणि कोणता मासा नदीचा व कोणता तळ्याचा हेही सांगतात.

तापीच्या खोऱ्यातील देशी माशांपैकी ज्याच्यासाठी लोक फ्लाय-फिशिंग शिकतात तो महाशीर होय. तापी आणि नर्मदा या दोन्ही नद्यांत आढळणाऱ्या महाशीराचे शास्त्रीय नाव टोर टोर असे आहे. शेजारच्या मध्य प्रदेशाने त्यालाच राज्यमासा म्हणून मान दिला आहे. मोठे, जाड, कौलांसारखे खवले, मांसल ओठ, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या आणि पाठीवर आखूड पर ही त्याची खूण. याखेरीज मरळ, शिवडा, शिंगाडा आणि वाम हे मासे तुमच्या गळाला लागू शकतात. सातपुड्यातील वाहत्या ओढ्यांत बोटाएवढे, अंगावर निळसर उभे पट्टे असलेले बॅरिलियस जातीचे मासे असतात. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या बारीक फ्लायवर ते ज्या झपाट्याने झडप घालतात ते पाहण्यासारखे असते, आणि नवशिक्याला त्यांच्याइतका चांगला गुरू नाही.

आता बाहेरून आलेले मासे पाहू.

चिलापी, म्हणजेच तिलापिया, हा मूळचा आफ्रिकेतील मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला. त्याची घातकता लवकरच ध्यानात येऊन १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर निर्बंधही घातले गेले, पण तोपर्यंत उशीर झाला होता. तो इतका का फोफावतो, याचे कारण त्याच्या विणीत आहे. नर उथळ, संथ पाण्यात तळाशी वाटीसारखा खड्डा करतो, मादी अंडी तोंडात घेऊन उबवते आणि पिल्लेही धोका दिसताच तिच्या तोंडात शिरतात. आपल्या मोठ्या देशी माशांना विणीसाठी पावसाळी पूर लागतो. चिलापीला तो लागत नाही, उबदार साचलेले पाणी मिळाले की ती वर्षातून अनेकदा विते. वाळू उपशाने पडलेले खड्डे आणि बंधाऱ्यांमागची संथ पाणथळ तिला मानवते, आणि असे पाणी आज खानदेशात किती आहे हे तुम्ही जाणताच. ओळख सोपी आहे : पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत लांबलचक काटेरी पर, आणि अंगाच्या बाजूची रेघ सलग नसून दोन तुकड्यांत तुटलेली.

सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, हा सर्वांत मोठा सापळा आहे, कारण त्यालाही मिशांच्या दोन जोड्या असतात आणि त्याचेही खवले मोठे असतात. नवशिका त्याला हटकून महाशीर समजतो. मीही समजलो होतो, आणि तो फोटो अजून मित्र मला पाठवून चिडवतात. फरक पाठीच्या परात आहे. महाशीराचा पर आखूड असतो, तर सायप्रिनसचा पर पाठीवर लांबवर पसरलेला असून त्याचा पहिला मोठा काटा मागच्या बाजूने करवतीसारखा दातेरी असतो. हा मासा तळातील चिखल उकरून खातो, त्यामुळे पाणी गढूळ होते आणि पाणवनस्पती उखडल्या जातात. नितळ पाण्यात नजरेने शिकार शोधणाऱ्या माशांची त्यामुळे पंचाईत होते. तो भारतात १९३९ मध्ये निलगिरीत आला आणि त्याचा दुसरा, आज सर्वत्र दिसणारा प्रकार १९५७ मध्ये बँकॉकहून आणला गेला.

गवत्या आणि चंदेरा, म्हणजे ग्रास कार्प आणि सिल्व्हर कार्प, हे दोघे १९५९ मध्ये आले. गवत्याला मिशा नसतात, एवढे लक्षात ठेवले तरी महाशीराशी गल्लत होत नाही. चंदेऱ्याचे डोळे तोंडाच्या रेषेच्या खाली असतात, जणू कोणी चेहरा उलटा बसवला आहे.

आफ्रिकन मांगूर हा या यादीतील सर्वांत खादाड आणि चिवट. हवेतील प्राणवायू घेता येत असल्याने तो चिखलात तग धरतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत शेजारच्या डबक्यात जातो. त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तरी चोरट्या शेततळ्यांमधून तो पुरात नदीत येतो. देशी मांगूर सहसा हातभर होत नाही, आफ्रिकन मात्र मीटरभराच्याही पुढे वाढतो. अंगावर ढगाळ, संगमरवरासारखे डाग असलेला मोठा मांगूर दिसला तर संशय घ्यावा.

सकर मासा काचेच्या टाकीतून आलेला आहे. टाकीची शेवाळ साफ करतो म्हणून घेतात आणि मोठा झाला की नदीत नेऊन सोडतात. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या कडक पाट्या असतात, काठात बिळे करतो आणि जाळी फाडतो. उजनीच्या मच्छिमारांना त्याचा पुरेसा त्रास झाला आहे. गप्पी मासे तर आपण स्वतःच डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरी-हौदांत सोडतो. हौदात ते ठीक आहेत, पण तेच ओढ्यात गेले की डोक्यावर पांढरा ठिपका असलेल्या आपल्या लहान देशी माशाच्या पोटावर पाय येतो, आणि तो देशी मासाही अळ्याच खातो.

रोहू, कटला आणि मृगळ यांच्याबद्दल नेहमी वाद होतो. हे परदेशी नाहीत, पण तापीचेही नाहीत. गंगेच्या खोऱ्यातून आणून ते दख्खनच्या पाण्यात सोडले गेले. संस्थांचे अर्थकारण त्यांच्यावर चालते. माझे मत विचाराल तर जलाशयात ते राहोत, तिथे उपदेश करायला जाऊ नये, मात्र सातपुड्याच्या ओढ्यात ते कोणी मुद्दाम नेऊन सोडू नयेत. सायप्रिनसही अनेक संस्था जाणूनबुजून सोडतात. ठेक्याच्या जलाशयात लागलेला सायप्रिनस संस्थेच्या नियमाप्रमाणे संस्थेकडे द्यावा. मुक्त वाहत्या नदीत लागला तर तो परत सोडू नये.

एक इशारा आणखी. महाशीर देशी आहे म्हणून कुठलाही महाशीर कुठेही सोडावा असे नाही. लोणावळ्याच्या हॅचरीत वाढवलेला दख्खनचा महाशीर सत्तरच्या दशकापासून कावेरीत सोडला गेला, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर मागे पडत गेला. तो आज नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे. संवर्धनाच्या सद्हेतूने कोणी तुम्हाला महाशीराची पिल्ले "तापीत सोडा" म्हणून दिली तर घेऊ नका.

४. सामान

नवख्या माणसाने एकच काठी घ्यावी : ९ फूट लांबीची, ६ वजनाची (हा आकडा किलोचा नाही, काठीला साजेशा लाइनच्या वजनाचा क्रमांक आहे). ओढ्यातील लहान माशांपासून दोन-तीन किलोच्या महाशीरापर्यंत ती पुरते. मोठ्या डोहांसाठी ८ वजनाची काठी लागते, पण ती दुसऱ्या वर्षी घ्या.

– ६ वजनाची तरंगणारी लाइन (फेकायचा जाड दोर) आणि त्यामागे किमान ५० मीटर बॅकिंग (बारीक राखीव दोर)
– ९ फुटांचा निमुळता लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा पारदर्शक धागा), आणि ८ ते १२ पौंडांचा टिपेट (त्याचा फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक भाग)
– लांब तोंडाची पक्कड, नखे कापण्याचा कटर, रबरी जाळीचे हातजाळे
– ध्रुवित (पोलराइज्ड) काचांचा चष्मा आणि टोपी. चष्मा केवळ पाण्यात पाहण्यासाठी नाही, मागून येणाऱ्या गळापासून डोळ्यांच्या रक्षणासाठी आहे
– मोजपट्टी, वही, पेन्सिल
– झाकणाची बादली किंवा जाड पिशवी, न सोडायच्या माशांसाठी

फ्लाय चार प्रकारच्या ठेवा : तळाशी जाणारी निम्फ, लहान माशासारखी दिसणारी स्ट्रीमर, पृष्ठभागावरची नाकतोड्यासारखी हॉपर आणि मरळासाठी वनस्पतींत न अडकणारी बेडकासारखी पॉपर. पाचवी मी स्वतः बांधतो. महाशीर झाडावरून पाण्यात पडणारी फळे खातो, म्हणून तपकिरी-लाल लोकरीचा घट्ट गोळा करून "उंबर" बांधायचे आणि काठच्या उंबराखाली, फळ पडल्यासारखे, टप् असा आवाज करत टाकायचे. पोळ्याच्या गोंड्यांची उरलेली लोकर यासाठी उत्तम. पिसे घरच्या कोंबड्याच्या मानेची घ्यावीत. मोराचे किंवा अन्य रानपक्ष्याचे पीस वापरून कायद्याच्या भानगडीत पडू नये.

प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासे निसटतील ही भीती व्यर्थ आहे. दोर ताणलेला ठेवला तर निसटत नाहीत, आणि गळ एका क्षणात निघतो. तो कधीतरी तुमच्या स्वतःच्या कानातूनही काढावा लागेल, तेव्हा या सल्ल्याची किंमत कळेल.

५. आधी कोरड्या जमिनीवर सराव

काठी मागे नेताना घड्याळाच्या एक वाजण्याच्या रोखावर थांबवायची, मागे लाइन सरळ होईपर्यंत क्षणभर वाट पाहायची, आणि पुढे आणून दहाच्या रोखावर थांबवायची. सगळी गंमत या थांबण्यात आहे. जोर लावला की लाइन पायाशी गोळा होते. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून रोज वीस मिनिटे, पंधरा दिवस सराव करावा. मोकळे खळे किंवा शाळेचे मैदान योग्य. कापूस वेचून झालेले शेत मोकळे दिसते, पण त्यात करू नये, कारण लाइन पऱ्हाट्यांत अशी गुंतते की संध्याकाळ सोडवण्यातच जाते.

डोक्यावर पाहण्याची सवय इथेच लावा. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात नदीकाठी पाण्याच्या मोटारींसाठी विजेच्या तारा ओढलेल्या असतात, काही फारच खाली लोंबतात. ग्राफाइटच्या काठीतून वीज वाहते. तारेखाली काठी उघडायची नाही, आणि तारेखालून जाताना ती आडवी धरायची. या नियमाला अपवाद नाही.

६. केव्हा आणि कसे उतरावे

पावसाळ्यात जाऊ नये. पाणी गढूळ असते, पूर धोकादायक असतो, आणि देशी मासे विणीवर असतात. तापीवरील हतनूर धरणाचे ४१ दरवाजे केव्हा किती उघडतील याचा काठावरून अंदाज येत नाही. दिवाळीनंतर पाणी नितळते, आणि तिथपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. गिरणेवर मात्र आवर्तनाच्या तारखा आधी विचाराव्यात, कारण धरणातून पाणी सुटले की सकाळी गुडघाभर असलेले पात्र बघता बघता कमरेपर्यंत चढते. वाळू उपशाच्या खड्ड्यांची खोली वरून कळत नाही. हातात काठी टेकत, पाय न उचलता घासत पुढे जावे.

एप्रिल-मे मध्ये गळ ठेवून द्यावा. खानदेशचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि झुंजून थकलेला मासा सोडल्यावर पोहत गेलेला दिसला तरी पुढे जगत नाही.

पाण्याच्या पृष्ठभागावर लालसर पिल्लांचा झुबका एकत्र हलताना दिसला तर ती मरळाची पिल्ले असतात आणि त्यांच्या खाली आईबाप राखण करीत असतात. तिथे पॉपर टाकली तर राखणदार मासा नक्की झेपावतो, म्हणूनच टाकायची नाही. तो उचलला गेला की आजूबाजूची चिलापी त्या पिल्लांचा फडशा पाडायला वेळ लावत नाही.

७. देशी मासा लागल्यास

मासा लवकर आणा. बारीक टिपेट लावून तास-तास खेळवण्यात पराक्रम नाही. हातजाळ्यात आल्यावर तो पाण्यातच राहू द्या, हात ओले करा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग बुरशी धरते. कल्ल्यांत बोटे घालू नका. तापलेल्या वाळूवर किंवा खडकावर ठेवू नका. मोजमाप पाण्यातच घ्या. फोटोसाठी पाण्याबाहेर काढायचेच असेल तर तुम्ही स्वतः श्वास रोखून धरा, आणि तुम्हाला जड वाटू लागण्यापूर्वी तो परत पाण्यात असला पाहिजे. नंतर तोंड प्रवाहाकडे करून धरा. पुढे-मागे हलवण्याची गरज नसते. शेपटीचा जोर हाताला जाणवला की बोटे सैल करा, तो स्वतःच निघून जातो.

गळ खोल गिळला असेल तर ओढाताण न करता टिपेट तोंडाजवळ कापावा.

शिंगाड्याचे आणि सिंगी या मिशाळ माशाचे काटे सांभाळा. सिंगीच्या काट्याची ठणक रात्रभर राहते.

८. बाहेरचा मासा लागल्यास

चिलापी लागली की ती काठापासून किमान दहा पावले दूर घेऊन जा, आणि गळ तिथेच काढा. हे मी अनुभवाने शिकलो. मादीच्या तोंडात अंडी किंवा पिल्ले असतात आणि हाताळताच ती तोंडातून बाहेर टाकते. पाण्याच्या कडेला गळ काढलात तर मासा तुमच्या पिशवीत आणि तिची पुढची पिढी नदीत, असा प्रकार होतो.

न सोडायचा मासा तडफडत ठेवू नये. डोळ्यांच्या थोडे मागे, डोक्यावर एक जोरदार फटका देऊन त्याला लगेच मारावे. "परदेशी आहे" म्हणून काठावर फेकून देणारे लोक मी पाहिले आहेत. ते क्रूरही आहे आणि निरर्थकही, कारण सकर मासा आणि मांगूर पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहतात आणि घरंगळत परत पाण्यात जातात. चिलापी आणि सायप्रिनस खाण्यासारखे आहेत. चिलापी खानदेशी काळ्या मसाल्याच्या रश्श्यात चांगली लागते. सायप्रिनसमध्ये बारीक काटे फार, म्हणून तो आडव्या बारीक चिरा पाडून कडक तळावा. तुम्ही खात नसाल तर काठच्या मच्छिमार कुटुंबाला विचारून द्या. सकर मासा मेल्याची खात्री करून पूररेषेच्या वर खोल पुरावा. आफ्रिकन मांगूर जिवंत कुठेही नेऊ नये. मारून, फोटो काढून, ठिकाणासह मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावे.

आणि ओळख पटली नाही तर? तर सोडून द्यावा. एखादी चिलापी चुकून सुटली तर नदीचे जे व्हायचे ते आधीच झालेले आहे, पण चुकून मारलेला महाशीर भरून येत नाही. फोटो मात्र नीट काढा : एक बाजूने पूर्ण मासा, एक तोंडाचा आणि एक पाठीचा पर उघडून. घरी गेल्यावर कोणाला तरी दाखवता येतो.

काठीने चिलापी पकडून नदी तिच्यापासून मुक्त होणार नाही, हेही सांगून ठेवतो. ती संख्या गळाच्या आवाक्यातील नाही. तिने अजून न गाठलेल्या ओढ्यांत ती पोचू न देणे मात्र आपल्या हातात आहे, आणि तिथे गळवाल्याचे डोळे उपयोगी पडतात.

९. नोंद

दर खेपेला तारीख, गाव, पाण्याची स्थिती, माशाची जात आणि लांबी लिहावी. काहीच लागले नाही तर तेही लिहावे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. तुमच्या वहीची प्रत तिथे द्या. आयनॅचरलिस्ट या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकता येतात, आणि जाणकार तिथे ओळखही पटवून देतात. मात्र महाशीराच्या डोहाचे नेमके ठिकाण लपवून ठेवण्याची सोय त्यात आहे, ती वापरा. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे १८९७ च्या मत्स्य अधिनियमापासून गुन्हा असले तरी ते थांबलेले नाही, आणि असे लोकही फोटो पाहतात. पात्रात अचानक एकाच वेळी सर्व आकाराचे मासे मेलेले दिसले तर स्वतः वाद घालायला न जाता ११२ वर कळवावे.

बाहेरून आलेल्या जातीची ओढ्यातील पहिली नोंद सर्वांत मोलाची असते. वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परकीय जातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार यांवर निर्बंध आणण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. अशा निर्णयांसाठी कोणती जात कुठवर पोचली हे कागदावर असावे लागते.

१०. घरी परतल्यावर

एका पाण्यातील अंडी, गोगलगायी आणि शेवाळाचे तंतू दुसऱ्या पाण्यात जाण्याचे साधन बहुतेक वेळा आपणच असतो. म्हणून काठावरून निघतानाच बुटांचा चिखल खरवडून काढा, बादलीतील पाणी तिथेच जमिनीवर ओता, हातजाळ्याचे कोपरे उलटून पाहा. जिवंत आमिष म्हणून एका नदीचे लहान मासे दुसऱ्या नदीवर कधीही नेऊ नका. घरी सर्व सामान साध्या पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. आपल्याकडे ऊन फुकट आणि भरपूर आहे. लाइन मात्र सावलीत वाळवावी, ती उन्हाने तडकते. धुतलेले पाणी गटारात किंवा नाल्यात न सोडता अंगणातील झाडांना घालावे. तापीच्या काठावरून थेट सातपुड्यात जायचे असेल आणि सामान वाळवायला वेळ नसेल तर बूट आणि जाळे दुसरे न्यावे, किंवा त्या दिवशी ओढ्यावर फक्त काठावरून पाहावे.